कॉस्टिकची पोती आणि काळे पाणी

राज्य सरकारने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली, तेव्हापासून पुण्याच्या दुकानांतून कागदी पिशवीला, कागदी द्रोणाला आणि कागदी खोक्याला एक वेगळाच मान मिळू लागला आहे. अप्पा बळवंत चौकात जून महिन्यात वह्या घ्यायला गेले, तर अनेक वह्यांच्या मलपृष्ठावर ‘पर्यावरणपूरक’ हा शब्द छापलेला दिसतो. प्लास्टिकच्या जागी कागद आला हे चांगले झाले, आणि त्या बंदीत ढिलाई यावी असे मला मुळीच वाटत नाही. तथापि हा शब्द कागदाच्या कोणत्या गुणावर उभा आहे, हे पाहू लागले की लक्षात येते, तो फक्त कागदाच्या शेवटाविषयी बोलतो. कागद कुजतो, प्लास्टिक कुजत नाही, एवढाच त्याचा आधार आहे. कागद तयार होताना कोणत्या नदीत काय सोडले गेले, याविषयी त्या शब्दाला काही सांगायचे नसते. मला बोलायचे आहे ते कागदाच्या या आरंभाविषयी. त्या आरंभाची परीक्षा घेण्याचे सर्वांत सोपे आणि सर्वांत खात्रीचे साधन गिरणीच्या खरेदीच्या वहीत आहे, आणि सांडपाण्याच्या तोंडाशी बाटली घेऊन उभ्या राहणाऱ्या आपल्या यंत्रणेने ती वही आजवर नीट उघडलेली नाही, असे माझे म्हणणे आहे.

रसायन अभियांत्रिकीची पदवी घेतल्यावर मी काही महिने एका लहान कागद गिरणीत उमेदवारी केली. गिरणी गव्हाच्या काडापासून दिवसाला दहाएक टन लगदा करीत असे. नवख्या माणसाला देतात तसे मला भांडारातले काम दिले होते: आलेल्या कॉस्टिक सोड्याची, म्हणजे काड शिजवायला लागणाऱ्या तीव्र अल्कलीची, पोती मोजायची, खर्ची पडलेली पोती वहीत मांडायची आणि संध्याकाळी बेरीज करून सही घ्यायची. पन्नास किलोची साधारण पन्नास पोती रोज डायजेस्टरकडे जात. डायजेस्टर म्हणजे आडव्या अक्षावर सावकाश फिरणारा पोलादी गोळा. त्यात काड, पाणी आणि कॉस्टिक भरून वाफेच्या दाबाखाली काही तास शिजवायचे, मग झाकण उघडून तो शिजलेला गाळ धुवायचा. धुतल्यावर लगदा फिकट पिवळा होई आणि धुण्याचे पाणी गडद चहासारखे, पहिल्या पाण्यात तर जवळजवळ काळे, एका मोरीतून कुंपणाबाहेरच्या ओढ्याकडे जाई. पहिल्या आठवड्यात मी वडीलधाऱ्या पर्यवेक्षकांना विचारले की रोज पन्नास पोती आत येतात, तयार कागदात तर कॉस्टिक नसते, मग ती पोती जातात कुठे? त्यांनी मोरीकडे हात केला आणि म्हणाले, “तुम्ही पोती मोजा, पाणी मोजणारे वेगळे आहेत.” पाणी मोजणारे तीन-चार महिन्यांतून एकदा येत, दोन बाटल्या भरून नेत. माझी वही त्यांनी कधी मागितली नाही.

या प्रसंगाचा अर्थ नीट समजायचा, तर लगदा म्हणजे काय हे थोडे तपशिलात पाहावे लागेल. लाकूड असो, बांबू असो, उसाचे चिपाड असो की गव्हाचे काड, वनस्पतीचे शरीर मुख्यतः तीन द्रव्यांनी बनलेले असते. सेल्युलोजचे तंतू, त्यांच्याभोवतीचे हेमिसेल्युलोज आणि या सगळ्याला घट्ट धरून ठेवणारे लिग्निन. कागदाला हवे असतात ते तंतू. लिग्निन विरघळवून तंतू मोकळे करायचे, हे रासायनिक लगद्याचे सगळे सार आहे, आणि त्यासाठी कॉस्टिकसारखी अल्कली लागते. या शिजवणीत कच्च्या मालाचा जवळपास निम्मा भाग विरघळून पाण्यात उतरतो. लाकडाचा एक टन लगदा निघतो, तेव्हा सुमारे दीड टन घन पदार्थ काळ्या द्रावात, म्हणजे शिजवणीनंतर उरणाऱ्या त्या काळ्या पाण्यात, गेलेले असतात. त्यांत लिग्निन असते, तुटलेल्या शर्करा आणि आम्ले असतात आणि वापरलेले जवळजवळ सगळे सोडियम असते. म्हणजे ज्याला आपण कागदाचा कारखाना म्हणतो, तो वजनाच्या हिशेबाने पाहिला तर काळा द्राव तयार करणारा कारखानाही तितकाच असतो.

या काळ्या द्रावाचे काय करायचे, याचे उत्तर शंभराहून अधिक वर्षे जुने आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकाला ते समजावून सांगायला गुऱ्हाळासारखा दाखला नाही. उसाचा रस कढईत आटवत नेला की त्याची काकवी होते, आणि कढईखाली जळते ते त्याच उसाचे चिपाड. काळ्या द्रावाचेही तसेच आहे. लाकडाच्या गिरणीत धुण्यातून येणारा द्राव साधारण १५ टक्के घन पदार्थांचा असतो. तो बाष्पीभवन यंत्रांच्या मालिकेतून ६५ टक्क्यांच्या वर घट्ट केला की त्याला स्वतःचे जळण पुरते आणि तो खास बनावटीच्या बॉयलरात फवारून जाळता येतो. लिग्निन जळून वाफ आणि वीज मिळते, आणि भट्टीच्या तळाशी वितळलेल्या क्षारांचा लालभडक ओघ जमतो. हा ओघ पाण्यात विरघळवला की हिरवट द्राव तयार होतो, त्यात चुनकळी घातली की सोडियम कार्बोनेटचे पुन्हा कॉस्टिक होते, आणि खाली बसलेला चुन्याचा गाळ भाजला की पुन्हा चुनकळी मिळते. सोडियमचे एक चक्र आणि चुन्याचे दुसरे, अशी ही एकमेकांत अडकलेली दोन चाके आहेत. चांगल्या चालवलेल्या लाकडाच्या गिरणीत शिजवणीच्या रसायनांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक रसायने परत मिळतात आणि आधुनिक गिरण्या स्वतःची ऊर्जा भागवून वर वीजही विकतात.

रसायने परत मिळवण्याच्या या विभागाला, म्हणजे पुनर्प्राप्तीला, बहुतेक लोक प्रदूषण रोखण्याचे जोडकाम समजतात, आणि हा समज चुकीचा आहे, हे लगद्याच्या इतिहासावरूनच दिसते. कार्ल डाल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने डान्झिग येथे १८७९ च्या सुमारास सोडा पद्धतीच्या, म्हणजे नुसत्या कॉस्टिकने लगदा शिजवणाऱ्या, गिरणीत गळतीपोटी भरावा लागणारा महाग सोडियम कार्बोनेट टाळण्यासाठी स्वस्त सोडियम सल्फेट वापरून पाहिले. ते पुनर्प्राप्तीच्या भट्टीत घातले असता कार्बनमुळे त्याचे सल्फाइड झाले, आणि त्या सल्फाइडयुक्त द्रावात शिजवलेला लगदा आधीच्यापेक्षा कितीतरी बळकट निघाला. जर्मन भाषेत बळ या अर्थी जो शब्द आहे त्यावरून त्याला क्राफ्ट हे नाव पडले, आणि आज जगातला बहुतांश रासायनिक लगदा याच पद्धतीने होतो. पुढे १९३० च्या दशकात कॅनडात टॉमलिन्सन यांचा पुनर्प्राप्ती बॉयलर आला आणि ही पद्धत खऱ्या अर्थाने स्थिरावली. ज्या शोधाने सगळा धंदा बदलला, तो डायजेस्टरच्या बाजूने आलेला नाही. गळती भरून काढण्याच्या हिशेबातून आला आहे. ‘आधी लगदा, मग जमल्यास पुनर्प्राप्ती’ असे म्हणणाऱ्या प्रत्येक प्रकल्प अहवालासमोर हा इतिहास ठेवावा असे मला वाटते.

आता माझ्या वहीकडे परत येतो. सोडियम हे मूलद्रव्य आहे. ते जळत नाही, कुजत नाही, जिवाणू त्याला खात नाहीत आणि शुद्धीकरणाच्या टाकीत कितीही हवा फुंकली तरी ते कमी होत नाही. तयार कागदातून जाते ते नगण्य. म्हणून एखादी गिरणी वर्षभरात जेवढे सोडियम विकत घेते आणि वर्षअखेरीस तिच्या टाक्यांतली व भांडारातली शिल्लक जेवढी वाढलेली असते, त्यांतला फरक त्या वर्षी गिरणीबाहेर पडलेला असतो, यात मतभेदाला जागाच नाही. आमच्या गिरणीत रोज अडीच टन कॉस्टिक येत होते; कॉस्टिकमध्ये वजनाने ५७ टक्क्यांच्या थोडे वर सोडियम असते; म्हणजे दिवसाला सुमारे १.४ टन आणि तीनशे दिवसांच्या वर्षात चारशे टनांहून अधिक सोडियम त्या ओढ्यात जात होते. हा आकडा काढायला प्रयोगशाळा लागत नाही. मी भांडारात बसून तो एका दुपारी काढला होता.

चारशे टन सोडियम म्हणजे काय, हे शहरातल्या माणसाला चटकन उमगणार नाही, पण बारामती-इंदापूरकडच्या शेतकऱ्याला ते समजावून सांगावे लागत नाही. आपल्या काळ्या जमिनीतली चिकणमाती कॅल्शियममुळे कणीदार राहते. पाण्यातून सोडियम येत राहिले की ते कॅल्शियमची जागा घेते, मातीचे कण सुटे होतात, छिद्रे बुजतात, पावसाचे पाणी वर साचून राहते आणि जमीन वाळली की दगडासारखी होते. चोपण म्हणतात ती हीच. चोपण झालेली जमीन जिप्सम घालून, चर खणून, अनेक वर्षे खपून थोडीफार परत येते, आणि तो खर्च शेतकऱ्याचा असतो. काळ्या द्रावाविषयी चर्चा होते ती बहुधा मेलेल्या माशांवरून आणि पाण्याच्या रंगावरून. ते खरेच आहे: सेंद्रिय भारामुळे पाण्यातला प्राणवायू संपतो आणि लिग्निनचा रंग जिवाणूंना सहज तोडता येत नसल्यामुळे मैलोन्मैल टिकतो. पण मासे पुढच्या पुरानंतर परत येऊ शकतात. चोपण जमीन पुरानंतर परत येत नाही. म्हणून माझ्या दृष्टीने सोडियम हा या प्रश्नातला अधिक गंभीर आणि अधिक दुर्लक्षित भाग आहे.

मग लहान गिरण्यांनी पुनर्प्राप्ती का केली नाही? त्यांना सरसकट दोष देणे मला न्याय्य वाटत नाही. १९७० च्या दशकात देशात कागदाची टंचाई होती; काड, चिपाड, ताग, रद्दी अशा बिगरलाकडी मालावर चालणाऱ्या लहान गिरण्यांना सरकारने अबकारी सवलती देऊन उभे केले आणि परदेशातली जुनी यंत्रे आणायलाही वाट करून दिली. जंगल वाचेल आणि शेतातल्या काडाला मोल येईल, हा त्यामागचा विचार चुकीचा नव्हता. परंतु पुनर्प्राप्तीचा बॉयलर ही मोठ्या आकाराला परवडणारी गोष्ट आहे, आणि दिवसाला दहा-वीस टनांच्या गिरणीला तो भांडवलाच्या दृष्टीने आवाक्याबाहेरचा होता. त्यातच काडाची स्वतःची एक अडचण आहे. गवतवर्गीय वनस्पतींत सिलिका असते, भाताच्या पेंढ्यात तर पुष्कळच. अल्कलीत शिजवताना ती सिलिका विरघळून काळ्या द्रावात येते, द्राव आटू लागला की त्याला लापशीसारखा दाटपणा येतो, बाष्पीभवन यंत्राच्या नळ्यांवर काचेसारखा कठीण थर बसतो, आणि शेवटी ती चुन्याच्या गाळात जाऊन बसली की तो गाळ पुन्हा भाजून वापरण्याजोगा राहत नाही. त्यातून काडाचा लगदा पाणी सोडायला मंद. तो धुवायला पाणी जास्त लागते. त्यामुळे द्राव आठ-दहा टक्क्यांचाच मिळतो. दहा टक्क्यांचा द्राव साठ टक्क्यांवर न्यायचा, तर प्रत्येक किलो घन पदार्थामागे आठ किलोंहून अधिक पाणी उडवावे लागते. सोळा टक्क्यांपासून सुरुवात केली तर पाच किलोही लागत नाही. लाकडाच्या गिरणीचे तंत्र काडाच्या गिरणीवर जसेच्या तसे बसवता येत नाही, ते या हिशेबामुळे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००३ सालच्या उद्योग-सनदेने लहान गिरण्यांपुढे रसायने परत मिळवा, नाहीतर काळा द्राव बाहेर सोडू नका, असा पर्याय ठेवला. त्याचा परिणाम झाला. अनेक गिरण्यांनी काडाचा लगदा सोडून रद्दीचा मार्ग धरला, काही बंद पडल्या, काहींनी पुनर्प्राप्ती उभी केली. नियम म्हणून तो योग्य होता. पण कायद्याने दार बंद केले आणि संशोधनाने दुसरे दार उघडून दिले नाही, असेही त्याच वेळी घडले. आज काड शेतात जाळले जाते, आणि देश लगदा परदेशातून आणतो.

येथे पुण्याचा संबंध येतो. पुण्याला कागद नवा नाही. कसबा पेठेत कागदीपुरा आहे, जुन्नरचा हातकागद एके काळी नावाजलेला होता, १८८० च्या दशकात मुंढव्याला मुळा-मुठेच्या काठी रे पेपर मिल उभी राहिली, आणि १९४० पासून शिवाजीनगरला हातकागदाची संस्था आहे. पण मला अधिक महत्त्वाचे वाटते ते हे की या प्रश्नाला लागणारी जवळजवळ सर्व विद्या आजच्या पुण्यात विखुरलेली आहे. १९५० साली पाषाणला सुरू झालेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अल्कलीत टिकणाऱ्या झायलनेज विकरांवर (एन्झाइम्सवर) दीर्घकाळ काम झाले आहे, आणि लगद्याच्या विरंजनात, म्हणजे तो पांढरा करताना, क्लोरीनयुक्त रसायने कमी करायला अशी विकरे उपयोगी पडतात. मांजरीला वसंतदादा साखर संस्था आहे, जिथे बाष्पीभवन यंत्रांच्या नळ्यांवर बसणाऱ्या थराचा प्रश्न रोजच्या व्यवहारातला आहे. आणि राज्यातल्या आसवन्यांनी स्पेंटवॉश हा मोलॅसिसचा काळा, क्षारयुक्त, दुर्गंधीचा द्राव आटवून बॉयलरात जाळायला सुरुवात केली आहे. त्या राखेतले पोटॅश खत म्हणून विकता येईल अशी सोयही सरकारने केली आहे. वीस वर्षांपूर्वी स्पेंटवॉशविषयी जे अशक्य म्हटले जात होते, ते आपल्या डोळ्यांसमोर रुळले. काडाचा काळा द्राव हा त्याचा जवळचा नातलग आहे.

संशोधन कशावर व्हायला हवे, याविषयी माझे मत ठाम आहे. काळा द्राव आटवण्यापूर्वी त्यात धुराड्यातला कर्बवायू सोडून अल्कता बेताने उतरवली, तर लिग्निन द्रावातच राहते आणि सिलिका आधी खाली बसते. हे रसायनशास्त्र जुने आहे आणि आपल्या देशात त्यावर प्रायोगिक संयंत्रापर्यंत काम झालेले आहे. अडते ते गाळणीशी. सिलिकेचा तो चिकट गाळ स्वस्तात वेगळा कसा करायचा आणि त्याबरोबर जाणारे सोडियम कसे धुऊन घ्यायचे, हा प्रश्न प्रयोगशाळेच्या काचपात्रात सुटत नाही, त्याला चालत्या गिरणीशेजारी दोन-तीन वर्षे ठाण मांडून बसावे लागते. तितकाच महत्त्वाचा प्रश्न सामाईक पुनर्प्राप्तीचा आहे. आजूबाजूच्या चार-पाच लहान गिरण्यांनी द्राव आपापल्या जागी निम्म्यापर्यंत आटवून एका मध्यवर्ती बॉयलरकडे टँकरने पाठवायचा आणि त्या बदल्यात कॉस्टिक परत घ्यायचे. ज्या प्रदेशाने सहकारी साखर कारखाना घडवला, त्याला यातला संस्थात्मक भाग अनोळखी वाटू नये. असे काम कोणतीही खासगी कंपनी एकटीने करणार नाही, कारण त्याचा फायदा तिच्या एकटीच्या पदरात पडत नाही. सहारनपूरला केंद्रीय लगदा व कागद संशोधन संस्था आहे, तिचे काम मोलाचे आहे. पण चिपाड आणि साखर यांच्या प्रदेशात हे काम पुण्यातून झाले पाहिजे आणि त्याला राज्याने पैसा दिला पाहिजे.

चिपाडाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण ‘आमचे चिपाड सहवीजनिर्मितीला लागते’ हे उत्तर लगेच येते. तमिळनाडूत करूरजवळच्या सरकारी कागद गिरणीने १९८० च्या दशकात यावर तोडगा काढला: साखर कारखान्यांना कोळसा आणि वाफेची सोय द्यायची आणि बदल्यात चिपाड घ्यायचे. तिथे ती व्यवस्था टिकली. चिपाडाचा लगदा केला तरी त्यातली निम्म्याच्या आसपास द्रव्ये काळ्या द्रावात असतात, आणि पुनर्प्राप्ती असेल तर ती जळून वीज देतातच. पुनर्प्राप्ती नसेल तर मात्र तंतूही जातो आणि इंधनही जाते.

आता वहीच्या मुद्द्याला कायद्याची जोड किती आहे ते पाहू. महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा स्वतःचा कायदा १९६९ साली, केंद्राच्या १९७४ च्या कायद्याच्या पाच वर्षे आधी केला, ही आपल्या राज्याच्या अभिमानाची गोष्ट आहे. पर्यावरण संरक्षण नियमांच्या चौदाव्या नियमानुसार राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतिपत्र घेणाऱ्या प्रत्येक उद्योगाने दर वर्षी ३० सप्टेंबरपूर्वी मंडळाकडे पर्यावरण विवरणपत्र सादर करायचे असते. त्याच्या नमुन्यात उत्पादनाच्या एककामागे कोणता कच्चा माल किती लागला, हे लिहिण्याचा रकाना आहे. १९९० च्या दशकाच्या आरंभापासून तो तिथे आहे. म्हणजे मी ज्या वहीविषयी बोलतो आहे, तिचा गोषवारा मंडळाच्या कपाटात दर वर्षी येऊन पडतो. दुसऱ्या बाजूला मोठ्या प्रदूषक उद्योगांच्या सांडपाण्यावर चोवीस तास मोजणारी यंत्रे बसवली आहेत. ती आम्लता, सेंद्रिय भार, तरंगते कण आणि प्रवाह मोजतात. ही यंत्रे हवीतच. पण ती लिटरमागे किती मिलिग्रॅम हे सांगतात, आणि लिटरमागचा आकडा पाणी वाढवून उतरवता येतो. टनामागे विकत घेतलेल्या कॉस्टिकचा आकडा पाणी घालून उतरत नाही. मंडळाने या दोन नोंदींची सांगड घालावी आणि प्रत्येक लगदा गिरणीचा टनामागचा सोडियम-भरणा, म्हणजे गेलेले सोडियम भरून काढायला तिने नव्याने विकत घेतलेले सोडियम, संकेतस्थळावर प्रसिद्ध करावा, एवढीच माझी मागणी आहे.

या मागणीवर घेतले जाणारे आक्षेप मला ठाऊक आहेत आणि त्यांतले काही वजनदार आहेत. सोडियम फक्त शिजवणीत लागत नाही. विरंजनात लागते, बॉयलरच्या पाण्यासाठी लागते, सांडपाण्याच्या उदासीनीकरणातही लागते. शिवाय विरंजनाचे पाणी सहजासहजी पुनर्प्राप्तीकडे वळवता येत नाही, कारण त्यातले क्लोराइड बॉयलरात साठत जाऊन राखेचा वितळबिंदू खाली आणते आणि नळ्या गंजवते. हे खरे आहे, म्हणून सर्व गिरण्यांना एकच आकडा लावता येणार नाही. तपकिरी कागदाच्या गिरणीची तुलना तपकिरीशी आणि शुभ्र कागदाच्या गिरणीची शुभ्राशीच करावी. याच आकड्यात आणखी एक गोष्ट दिसेल: विरंजनापूर्वी प्राणवायूने लिग्निन काढणारी गिरणी त्या टप्प्याचे धुण्याचे पाणी पुनर्प्राप्तीत परत नेऊ शकते, आणि तिचा भरणा उतरतो. दुसरा आक्षेप असा की सोडियम नदीतच गेले कशावरून, ते गाळातून किंवा धुराड्यातूनही गेलेले असेल. तेही मान्य. वही गिरणीबाहेर किती गेले ते सांगते, कुठे गेले ते सांगत नाही. पण किती गेले हे कळल्यावर कुठे गेले हे सांगण्याची जबाबदारी गिरणीवर येते, आणि आज ती शेजारच्या शेतकऱ्यावर आहे.

रद्दीपासून कागद करणाऱ्या गिरण्या या मापात जवळजवळ निर्दोष दिसतील. देशातला निम्म्याहून बराच अधिक कागद आणि पुठ्ठा रद्दीपासून होतो, आणि त्या साखळीच्या पहिल्या टोकाला पुण्यात १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीत संघटित झालेल्या कचरावेचक महिला आहेत. त्यांच्या कष्टांचे मोल या शहराने अजून पुरते दिलेले नाही. रद्दीच्या गिरणीचा कचरा निराळा असतो: शाईचा गाळ, प्लास्टिकचे तुकडे, पिनांचे लोखंड. त्याला वेगळे माप हवे. तसेच लगदा विकत आणून कागद करणाऱ्या गिरणीच्या वहीत कॉस्टिक दिसणार नाही, कारण ते दुसऱ्या देशातल्या गिरणीच्या वहीत असते. तिच्याकडून विक्रेत्याचा आकडा मागावा लागेल.

आणि लाकूड-बांबूच्या मोठ्या गिरणीची पुनर्प्राप्ती ९७ टक्के आहे म्हणून तिचे सगळे ठीक आहे, असेही मी म्हणणार नाही. पुण्याचे माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात उत्तर कन्नड जिल्ह्यात बांबूचा जो अभ्यास केला, तो या संदर्भात प्रत्येक अभियंत्याने वाचावा. दांडेलीच्या कागद गिरणीला बांबू टनाला दीड रुपया अशा नाममात्र दराने दिला गेला होता, आणि टोपल्या विणणाऱ्या बुरुडांची तक्रार होती की त्यामुळे बांबू संपत चालला आहे. बांबूच्या बेटाच्या तळाशी काटेरी फांद्यांचे कुंपण असते; वाढ चांगली होईल या समजुतीने ते साफ केले जात होते, आणि त्यामुळे कोवळे कोंब गुरांना आणि रानातल्या जनावरांना उघडे पडत होते. गावकऱ्यांना हे माहीत होते. गाडगीळांनी ते मोजून दाखवले. गिरणीचा हिशेब तिच्या फाटकापाशी सुरू होत नाही, हा त्या अभ्यासाचा धडा मी माझ्या वहीच्या मापाबरोबरच ठेवतो.

तरीही सुरुवात कुठून तरी करावी लागते, आणि ती करण्यासाठी पुण्यातच एक योग्य जागा आहे. बालभारती, म्हणजे महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ, २७ जानेवारी १९६७ पासून येथे आहे आणि राज्यातल्या कोट्यवधी पुस्तकांचा कागद निविदा काढून विकत घेते. निविदेत कागदाचे वजन, शुभ्रता, अपारदर्शकता, ताण सहन करण्याची क्षमता असे सगळे काटेकोर लिहिलेले असते. २०२३-२४ पासून काही इयत्तांच्या पाठ्यपुस्तकांत कोरी पाने घालण्याचा निर्णय झाला, तेव्हा दप्तराच्या ओझ्याविषयी राज्यभर चर्चा झाली. त्या वाढलेल्या कागदाच्या आरंभाविषयी कोणी बोलल्याचे मला आठवत नाही. निविदेत आणखी एक रकाना घालावा: पुरवठादाराने ज्या गिरणीचा कागद दिला, तिने गेल्या आर्थिक वर्षात लगद्याच्या प्रत्येक टनामागे किती कॉस्टिक आणि किती सोडियमयुक्त क्षार विकत घेतले, सनदी लेखापालाच्या सहीनिशी. पहिल्या दोन वर्षी त्यावरून कोणालाही अपात्र ठरवू नये, केवळ आकडे जमा करावेत आणि छापावेत. तिसऱ्या वर्षी त्याच प्रकारच्या गिरण्यांच्या सरासरीच्या दुपटीहून अधिक भरणा असणाऱ्या गिरणीने कारण द्यावे आणि बालभारतीने तिच्या गाळाची व आसपासच्या विहिरींची तपासणी मागवावी. शुभ्रतेची अटही थोडी सैल करावी, कारण शुभ्रतेचे शेवटचे काही अंश मिळवायला लागणारे विरंजन पुनर्प्राप्तीच्या चक्राबाहेर जाते, आणि सातवीच्या मुलाला भूगोल वाचायला तितक्या शुभ्रतेची गरज नसते.

या रकान्यासाठी नवा कायदा लागत नाही, नवे यंत्र लागत नाही. लागणारा आकडा प्रत्येक गिरणीच्या भांडारात एखादा उमेदवार आजही रोज संध्याकाळी बेरीज करून लिहितो आणि त्यावर सही घेतो.